तारप्याला पाठ

गंजाडची रमीबाय कधी भांडायची नाही. ती वाट बघायची. शेजाऱ्याच्या बैलानं तिचा वाल फस्त केला, तेव्हाही ती नुसती हसली. पुढे त्याच शेजाऱ्याच्या पोरीचं लग्न निघालं आणि भिंतीवर लग्नाचा चौक लिहायला हिला बोलावणं आलं. ही अंगणात फतकल मारून बसली. म्हणाली, "आधी बैलाला माफी मागाय लाव." शेवटी बैल मांडवात आणून तिच्यापुढे उभा केला, तेव्हा कुठे तिनं तांदळाच्या पिठात काडी बुडवली. आता ती नाही, पण बैलाची गोष्ट गंजाडात अजून सांगतात.

डहाणूत आमच्या शेठचं वारली चित्रांचं दुकान होतं. रमीबाय तिथे चित्रं काढायची, मी कंप्युटर सांभाळायचो. शेठ कुणाला नावानं हाक मारत नसत. मी 'ए कंप्युटर', रमीबाय 'ए वारली'. तिच्या चित्रांखाली मात्र स्वतःचं नाव झोकात टाकत. एकदा तिनं विचारलं, "माझा नाव का नाय?" शेठ म्हणाले, "तुझा नाव वाचून कोण घेणार?" ती हसली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मग शेठनी वेबसाइट करायला सांगितली. मी चित्रं छोट्या चौकोनांत ओळीनं लावली. रमीबायनं फोनवर बोट फिरवलं, तशी चित्रं सुळकन वर पळाली. "पाव्हना उंबऱ्याशी तरी थांबतो का नाय?" ती म्हणाली. म्हणून मी जावास्क्रिप्टचा एक प्लगिन बसवला. बोट एकदा सरकवलं की एकच चित्र, स्क्रीन भरून. ते नीट थांबल्याशिवाय पुढचं येत नाही. तारपा नाचाचं चित्र, मधे तारपा फुंकणारा आणि भोवती नाचणाऱ्या बायांचा गोल, मात्र कडेला कापलं जात होतं. ती अडून बसली, "गोल तोडू नको. समदा दिसला पायजे." त्या गोलापायी माझी अख्खी दुपार गेली.

गोल पुरा बसला आणि मी चरकलो. नाचणाऱ्या सगळ्या बायांचे अंबाडे आतल्या बाजूला, तारपा वाजवणाऱ्याकडे. म्हणजे तोंडं बाहेर! तारप्याला पाठ दाखवून नाचायचं नाही, हे उधव्यापासून सायवनपर्यंत शेंबडं पोरही जाणतं. शेठना तेवढं ठाऊक नव्हतं.

"दिसला?" रमीबायनं विचारलं.

"दिसला."

"मंग गप ऱ्हा."

मी गप राहिलो. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं.

उद्घाटनाला शेठनी गावातली बडी मंडळी आणि मुंबईची गिऱ्हाइकं बोलावली, नाचायला गंजाडच्या बाया आणि तारपा वाजवायला तारपकरी आणला. मोठ्या पडद्यावर एकेक चित्र सरकू लागलं. तारप्याचं आलं आणि थांबलं. खाली ठळक अक्षरांत शेठचं नाव. बायांनी एकमेकींच्या कमरेचे हात सोडले. "तारप्याला पाठ केलीय!" म्हणत त्या खाली बसल्या. असल्या चित्रापुढे नाचणार नाही म्हणाल्या. तारपकऱ्यानंही तारपा बाजूला ठेवला. पाहुण्यांत हसू आणि कुजबूज सुरू झाली.

शेठ रमीबायवर धावून गेले. "ए वारली, आ शुं करी नाख्युं? काय करून ठेवला हा?"

"मी? नाव तुझा हाय. मंग चूक पण तुझीच."

शेठ पाहुण्यांकडे वळून ओरडले, "अरे, हा मी नाय काढला! रमीनं काढलाय! सगळी चित्रं रमीनं काढलीत!"

रमीबायनं शांतपणे पदर सावरला.

"परत बोल. मागं बसल्यांना ऐकू नाय आला."

मी शेठच्या हातात माइक दिला.