डावा पाय शरदचा

डॉक्टरांनी रबरी हातोडी माझ्या गुडघ्यावर तीनदा मारली. पाय ढिम्म हलला नाही. दुसऱ्या पायाचीही तीच गत. मग हातोडी खिशात टाकून ते म्हणाले, "मॅडम, हे जीबीएस दिसतंय. आजच आयसीयूत घेऊ."

जीबीएस म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम. जंतूंशी लढणारी आपलीच फौज चुकून आपल्याच नसांवर उलटते. आधी पाय जातात, मग हात, आणि कधीकधी श्वासही. मला आधी जुलाब झाले होते. पंधरा दिवसांनी घराजवळच्या मेहरूण तलावाकाठी फिरताना एक चप्पल पायातून निघून गेली आणि दहा पावलं मला पत्ताच नव्हता. मी हसले होते. तुम्ही हसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

मणक्यातून पाणी काढलं. एनसीव्ही झाली, म्हणजे नसांमधून करंट किती वेगाने जातो ते पाहिलं. पाच दिवस आयव्हीआयजी चढवलं. हे औषध कितीतरी अनोळखी माणसांच्या रक्तातून बनतं. ती माणसं मला कधी भेटणार नाहीत, म्हणून इथेच त्यांचे आभार मानते.

श्वास वाचला. वॉर्डात आणलं तेव्हा हात खांद्यापासून लुळे होते आणि पाय कमरेपासून. डॉक्टर म्हणाले, "नसा परत येतील, वेळ लागेल. पण तोवर सांधे आखडले, तर नस येऊनही तुम्ही चालणार नाही. रोज तीन वेळा पाय हलवायचे. दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा."

माझ्या यजमानांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. मुलगी परदेशात. भेटायला मात्र आमचं अर्धं मेहरूण लोटलं होतं. प्रत्येक जण केळी ठेवायचा, पंख्याकडे बघायचा आणि निघताना म्हणायचा, "काही लागलं तर सांगा." मी म्हणायचे, "नको हो, सगळं व्यवस्थित चाललंय." व्यवस्थित काय चाललं होतं, देव जाणे. पाय लाकडासारखे होत होते.

यातली गंमत सांगते. मी तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. गर्दीत प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी मदत करील, म्हणून एकाकडे बोट दाखवून त्याला नेमकं काम सांगावं, हे उत्तर मी दरवर्षी लिहून द्यायचे. मुलं त्यावर पैकीच्या पैकी मार्क घ्यायची. प्रत्यक्ष परीक्षेत मी भोपळा मिळवला. मागायची लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

शेजारच्या खाटेवर चोपड्याकडच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या, पक्षाघाताच्या. त्यांची सून इंदूअक्का साठीची, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरडवाहू शेती करणारी. एका सकाळी यजमान माझा पाय उचलताना कळवळून खाली बसले. इंदूअक्का सासूला भरवत होती. तिने वाटी ठेवली, हात धुतले आणि माझी टाच तळहातावर घेतली. फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं तिने नुसतं बघून उचललं होतं. मोजून वीस वेळा केलं आणि परत भरवायला गेली.

दुपारी माझे दोन सहकारी आले. ते पंख्याकडे बघायच्या आत अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली, "उनात का?" म्हणजे आलात का. "मंग हाऊ पाय धरा."

त्यांनी धरला! आणि मी पाहिलं, दोघांचे चेहरे सैलावले. काय बोलावं हा प्रश्नच मिटला होता. दुसऱ्या दिवशी ते वेळेच्या आधी हजर.

"बाई, तू नुसतं नको नको करस," अक्काने मला झापलं. "मंग लोके कसाले थांबतीन?"

मी एकदा तिला विचारलं, तुझी सासू अशी असताना तू माझं का करतेस? माझ्यातली प्राध्यापिका उत्तराची वाटच बघत होती. तिला प्रश्नच येडपट वाटला. "तुन्हा पाय पडेल व्हता, मी उचला. त्यामा इचारासारखं काय शे?" यावर मला तीस वर्षांत एकही तास घेता आला नसता. त्या बाईइतकं शहाणं माणूस मी कुठल्या स्टाफरूममध्ये पाहिलेलं नाही.

बाविसाव्या दिवशी घरी आले. अक्काही सासूला घेऊन तिच्या गावी गेली. दोन दिवस पुन्हा गप्प राहिले आणि घोटा आखडला. फिजिओथेरपिस्टचा चेहरा बघून घाबरले. यजमानांना फोन कानाशी धरायला लावला आणि नावं घेऊन कामं वाटली. सकाळ शेजारच्या पाटीलवहिनींची, संध्याकाळ सहकाऱ्यांची. एकाही घरातून नकार आला नाही.

शेवटचा फोन धाकट्या भावाला, शरदला. तो धुळ्याला देवपुरात राहतो, आणि हॉस्पिटलात माझ्या खाटेशी एकदाही आला नव्हता. फार राग होता. तरी म्हणाले, "शरद, दर रविवारी डावा पाय तुझा." तो एवढंच म्हणाला, "येतो."

शनिवारी संध्याकाळीच बॅग घेऊन दारात उभा राहिला. त्यानंतर एक रविवार चुकवला नाही.

तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर एवढं करा. आलेल्याला काम सांगा, वेळ सांगा. आणि भेटायला जाणार असाल तर विचारत बसू नका, एखादं काम उचला.

सहाव्या रविवारी शरद ओरडला, "ताई, अंगठा! अंगठा हलला!" यजमान स्वयंपाकघरातून धावत आले. मी रडत होते. शरदही रडत होता, पण त्याचं रडणं थांबेना. माझा पाय मांडीवर तसाच धरून तो म्हणाला, "ताई, मी आलो होतो. दुसऱ्याच दिवशी. आयसीयूच्या काचेतून तुला बघितलं आणि दाराला हातच लावला नाही. तसाच परत फिरलो. घरी खोटं सांगितलं, भेटून आलो म्हणून."

त्याच्या केसांतून हात फिरवावा असं फार वाटलं. पण माझा हात अजून तेवढा वर जात नव्हता.

"शरद," मी म्हणाले, "डोकं जरा खाली आण."

त्याने आणलं.