छावणीतली साक्ष

पहिल्यांदा मीच मारलं तिला. उसाच्या दांडक्यानं. पाठीत दोन, पोटरीवर एक.

दुष्काळाचं वर्ष होतं. पालीच्या धरणाचा तळ उघडा पडला होता. चिखल वाळून भेगा पडल्या होत्या, बकरीचा पाय अडकेल एवढ्या. तिथंच वरच्या माळावर सोसायटीनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली. गावातले पुरुष कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेले. माझाही नवरा गेला होता. मागं आम्ही बाया आणि जनावरं. छावणीचा नियम असा, की जनावराजवळ त्याचं माणूस पाहिजे. माणूस नाही तर चारा नाही. म्हणून आम्ही तिथंच राहायचो, गाडीखाली, साडीचा आडोसा करून. माझे दोन बैल होते. घरात विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. बैल जगले तर शेत, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या फडात ऊस तोडायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गोदा आली एक गाय घेऊन. ती फाट्यावरच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. धंदा करायची. ट्रकवाले तिच्याकडं थांबायचे, आमच्या गावातलेही जायचे. माझा नवरा जायचा का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

तिनं माझ्या बैलांशेजारी खुंटा ठोकला. मी म्हटलं, ऊठ, इथं संसारी बाया राहतात. ती म्हणाली, "माझी गाय बी उपाशीच हाय बाई. तिनं कोणता धंदा केला?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. तिच्या बोलण्याला हसल्या, आणि ते मला झोंबलं. मी दांडकं उचललं. ती खाली पडल्यावर कोयत्यानं गायीचं दावं कापलं. गाय उधळली. गोदा लंगडत तिच्या मागं पळाली. कुणी मला अडवलं नाही. त्या दिवसापासून बाया मला अक्का म्हणायला लागल्या. मला ते आवडलं.

तिला जागा मिळाली ती पार कडेला, शेणाच्या ढिगाजवळ. तेवढ्यानं माझं भागलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि तिच्या जागेला तीन बाजूंनी काटे लावले. शेताला काटे लावताना काट्याचं तोंड बाहेर ठेवतात, जनावर आत शिरू नये म्हणून. मी तोंड आत ठेवलं. तिनं आमच्याकडं येऊ नये म्हणून. यायला-जायला एकच वाट ठेवली, मागच्या बाजूची.

चारा वाटायला सोसायटीच्या चेअरमनचा भाचा होता, विलास. पेंढी हातात द्यायची नाही, पायाशी टाकायची, ही त्याची रीत. "वाक जरा," म्हणायचा. आम्ही वाकायचो. त्याची नजर कुठं असायची ते सगळ्यांना कळायचं. पदर सावरून आम्ही पेंढी उचलायचो आणि यायचो. नजरेनं काय झिजतं, असं एकमेकींना सांगायचो. तो आमच्याशी तेवढ्यावरच थांबतो, कारण आम्ही घरंदाज, असंही वाटायचं.

एका दुपारी उसाच्या वाढ्यांचा ट्रक आला. सगळ्या बाया पेंढ्या घ्यायला छावणीच्या पलीकडल्या टोकाला गेल्या. माझ्या पायावर आदल्या दिवशी बैलाचा पाय पडला होता. पाय भाकरीसारखा फुगलेला. मी गाडीखाली पडून होते. विलास आला आणि मागच्या वाटेनं गोदाच्या आडोशात शिरला.

तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "आज न्हाई. अंगात ताप हाय. न्हाई म्हणलं ना."

तो म्हणाला, "न्हाई म्हणाया तू कोण गं?"

मग मारल्याचा आवाज. ती आडोशातून बाहेर पळाली. मागं तो होता, म्हणून ती पुढं पळाली, माझ्या बाजूला. अनवाणी. आणि थेट काट्यांत शिरली. साडी अडकली, पाय अडकले. माझ्यापासून दहा हातांवर. मी गाडीखालून तिच्याकडं बघत होते आणि ती माझ्याकडं.

"बाई, काटे वढ," ती म्हणाली. ओरडली नाही. हळूच म्हणाली.

मी उठले नाही. पाय दुखत होता हे खरं, पण उठता आलं असतं. मी मनात म्हटलं, हिचं रोजचंच आहे, आज काय वेगळं होणार. हे मी म्हटलं होतं. आज सांगताना ते बदलणार नाही.

त्यानं तिला केसांना धरून काट्यांतून मागं ओढलं. तोंड आत असलेल्या काट्यांतून माणूस उलटा ओढला की काय होतं, ते मी पाहिलं. साडीच्या चिंध्या तिथंच राहिल्या. कातडीही राहिली. आत त्यानं खुंटा ठोकायच्या मोगरीनं तिला मारलं. किती वेळ ते माहीत नाही. गाय दाव्याला हिसके देत होती. नंतर गायीचाच आवाज येत राहिला, गोदाचा बंद झाला.

विलास बाहेर आला. मला पाहिलं. दचकला नाही. सदऱ्याची बटणं लावत म्हणाला, "अक्का, कुंपण लई झकास घातलंस."

एवढंच बोलून गेला. शिवी दिली असती तर मी विसरले असते. त्यानं शाबासकी दिली. तो आणि मी एकाच कामावर होतो, असं बोलला. आणि ते खोटं नव्हतं.

मी उठले. काटे ओढून बाजूला केले. तळहात फाटले. आत गेले तर गोदा पडलेली, एक डोळा मिटलेला, दातांतून रक्त. मी तिला पाणी द्यायला वाकले. तिनं ते तोंडात घेतलं आणि माझ्या अंगावर थुंकली. मग भिंत नाही, आधार नाही, अशी कशीतरी उभी राहिली आणि चौकीच्या वाटेला लागली.

दोन दिवसांनी जमादार आला, चेअरमनच्याच जीपमधून. मांडवात खुर्च्या टाकल्या. गोदाला दवाखान्यातून आणून खाली बसवलं होतं, डोक्याला पट्टी. जमादार तिला म्हणाला, "तुझ्यावर जबरदस्ती? भाव वाढवून पाहिजे काय?" पुरुष हसले. बायाही हसल्या. पोट न हलवता हसायचं ते हसू मला माहीत होतं. मीही तसंच हसत आले होते.

चेअरमननं मला पुढं बोलावलं. गोड बोलला. म्हणाला, या बाईला तूच पहिल्यांदा ओळखलंस, तुझ्यापेक्षा चांगली साक्ष कुणाची. सही केलीस तर बैलांना पेंड वाढवून देऊ. कागद तयारच होता.

मी चौथी शिकलेले. सही करण्याआधी वाचते म्हटलं. एकेक अक्षर लावून, मोठ्यानं वाचलं. सदर बाई वाईट चालीची असून दारूच्या नशेत स्वतः काट्यांत पडून जखमी झाली, असं लिहिलं होतं.

मी म्हटलं, "हे खोटं हाय. ती न्हाई म्हणत हुती, मी ऐकलं. ह्या विलासनं वढून नेली. काटे मी लावलेले हायेत, ते बी लिवा."

जमादार म्हणाला, "अगं पण तिचा धंदाच हाय ना?"

"मी बी मजुरी करते. म्हणून कुणी बी केसाला धरून मला फडात न्यावं काय?"

पहिला फटका विलासनं दिला. उसाच्या दांडक्यानं, तोंडावर. दोन दात तिथंच पडले. मी खाली पडले तशी त्यानं लाथ घातली. मी त्याचा हात धरला आणि चावले. तोंडात रक्त आलं, माझं की त्याचं कळलं नाही, पण सोडला नाही. चौघांनी मला ओढून काढलं. चेअरमन दुसरीकडं बघत चहा पीत होता. ज्या बाया मला अक्का म्हणायच्या त्यांतली एकही पुढं आली नाही. गोदाही जागची हलली नाही.

त्याच दुपारी माझे बैल छावणीबाहेर काढले. मी त्यांना घेऊन गावाकडं निघाले. एक बैल वाटेत बसला. मी शेपटी पिरगळली, पाणी पाजलं, शिव्या दिल्या. उठला नाही.

नवरा तोडीवरून आला तो आसूड घेऊनच. "त्या रांडेपायी बैल घालवला," म्हणाला. पहिला फटका मी खाल्ला. दुसऱ्याला मी कोयता हातात घेतला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. मारला नाही. पण मारला असता, हे त्याला दिसलं. त्यानंतर त्यानं माझ्यावर हात उचलला नाही. प्रेमानं नाही, भीतीनं. मला चाललं.

बीडच्या दवाखान्यात गोदाला भेटायला गेले. तिनं तोंड फिरवलं. "तुझ्या काट्यांचा पू आजून येतोय. माफी मागायची आसंल तर दारातनंच जा."

मी म्हटलं, माफी मागायला आले नाही. कोर्टात साक्षीला येणार आहे, तारीख कळव.

तिनं कळवली. मी प्रत्येक तारखेला गेले. विलास सुटला. पुढं सोसायटीचा संचालक झाला. गोदा फाट्यावरच राहिली, धंदा करत राहिली. मी तिला धंदा सोड म्हटलं नाही. ते सांगायचा मला अधिकार नव्हता. तिनं मला कधी माफ केलं नाही आणि करायला नको होतं. मरेपर्यंत ती मला बाईच म्हणाली, अक्का नाही.

आता फाट्यावर नव्या पोरी आहेत. कुणी हात टाकला, कुणा पोलिसानं फुकट नेलं, कुणाचं रेशनकार्ड अडवलं, की मला निरोप येतो. मी जाते. गावातले लोक मला त्यांच्यातलीच म्हणतात. म्हणू देत.

परवा एकीचा हात मोडला होता. चौकीतला नवा साहेब तिला बघून हसला आणि मला म्हणाला, "म्हातारे, तू कोण हिची?"

मी म्हटलं, "कुणी न्हाई. ती न्हाई म्हणाली, तेवढं लिवा."

त्यानं वही मिटली, उद्या ये म्हणाला. मी त्याच्या टेबलासमोर फरशीवर मांडी घातली. त्या पोरीलाही बसवलं. तो दोनदा ओरडला. काठी दाखवली. मी तोंड उघडून दोन दातांची जागा दाखवली आणि म्हटलं, मार, मग तेही लिहावं लागेल.

त्यानं वही उघडली.