डावं पान

रीता मॅडमचं आनंदाबाईंकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका वहीमुळे. तसं चार वर्षं त्या दोघी एकाच शाळेत होत्या. आनंदाबाई दुपारी खिचडी वाढायच्या आणि रीता मॅडम रांगेजवळ उभ्या राहून पोरांना ढकलाढकली करू नका म्हणायच्या. पण वाढणारा हात दिसणं वेगळं आणि माणूस दिसणं वेगळं.

आंजीजवळची ती आठवीपर्यंतची शाळा. मॅडम तिथे इतिहास शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी वर्ध्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथून त्या वहीची एक रीत शिकून आल्या. उजव्या पानावर शिक्षकानं सांगितलेलं, पुस्तकातलं लिहायचं. डावं पान मुलाचं. तिथं त्यानं स्वतःचं काहीतरी करायचं, चित्र काढावं, प्रश्न विचारावा, घरी विचारून आलेलं टिपावं. प्रशिक्षणाला गेलेल्या बाकी शिक्षकांनी प्रमाणपत्र कपाटात ठेवलं. मॅडमनी मात्र हे सुरू केलं आणि आपल्या मागं एक काम लावून घेतलं. आठवीच्या एकतीस वह्या, आणि प्रत्येकीत दोन पानं वाचायची. मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, आधार जोडणी हे सगळं उरकून संध्याकाळी वह्या उघडल्या की त्यांचे डोळे चुरचुरायचे.

त्या आठवड्यात 'स्थानिक इतिहास' चालू होता. डाव्या पानासाठी प्रश्न दिला होता: आपलं घर या गावात कुठून आलं, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारून लिहा.

पहिली वही गुंजनची. 'माझ्या आजीचं गाव धरणात गेलं. आजी तेव्हा नवीन सून होती. सामान बैलबंडीत भरलं. आजीच्या सासूनं घराच्या दाराची चौकट उखडून सोबत घेतली. ती म्हणे, भिंती राहू द्या, दार माझं आहे.'

मॅडम ताठ बसल्या. किती छान लिहिलं पोरीनं! त्यांनी शेजारी लाल पेनानं 'सुंदर' लिहिलं आणि दुसरी वही ओढली. तिथंही आजीचं गाव धरणात गेलेलं. तिसरीत बंडीचा बैल लाल होता, चौथीत पांढरा, पण चौकट तीच. अंकितच्या वहीत बैलबंडीचा ट्रॅक्टर झाला होता. सत्तावीस आज्या एकाच गावातून, एकच चौकट घेऊन निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात सत्तावीस वह्या टेबलावर ठेवल्या.

"कुणाची आजी आहे ही?"

गुंजन उठली. "आमच्या कोनाचीच नाई मॅडम. खिचडीवाल्या आनंदाबाई हायत. आम्ही त्याइले इचारलं."

"मग 'माझी आजी' कशाला लिहिलं?"

"तुमी घरच्याइले इचाराले सांगितलंतं ना. मंग आनंदाबाई कशा लिहाव?"

"घरी का नाही विचारलं?"

"आई वावरातून येते तं थकून राह्यते. म्हणे, मले नको इचारू, पुस्तकात पाह्य."

"आणि तू रे अंकित? ट्रॅक्टर कुठून आणलास?"

"बंडी लईच जुनी वाटे मॅडम."

वर्ग हसला. मॅडमनाही हसू येत होतं, पण त्या थकलेल्या होत्या, आणि थकलेल्या माणसाला हसण्यापेक्षा रागावणं सोपं जातं. "ही नक्कल आहे," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्यानं घरी विचारून आणा. आनंदाबाईंना कामाच्या वेळी कुणी त्रास द्यायचा नाही."

पोरांनी ऐकलं. पुढच्या आठवड्यात वीस डावी पानं कोरी आली.

त्याच सुमारास तालुक्याहून शाळा तपासणीचा निरोप आला, शुक्रवारी साहेब येणार. मुख्याध्यापक प्रभाकरराव मार्चमध्ये निवृत्त होणार होते आणि तोवर काही भानगड नको, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी वह्या चाळल्या आणि कपाळाला हात लावला.

"रीता मॅडम, सत्तावीस पोरं आणि आजी एकच! साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"मी बघते सर."

"बघू नका, उरकून टाका. सगळ्या डाव्या पानांवर कोरा कागद चिकटवा आणि फळ्यावरून धड्याचा सारांश लिहून द्या. एकसारखं दिसेल. मी खळ आणून ठेवतो."

मॅडम हो म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. एका दिवसाचं काम, मग कटकट नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्या कागद कापत बसल्या होत्या, तेव्हा आनंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या पुढची बारीक बाई. पदराला हात पुसत होत्या.

"मॅडम, मी काई चुकली काय जी?"

"नाही हो. का?"

"पोट्टे माह्यापाशी येऊन नाई राह्यले. ताट घेतेत अन् पळतेत. गुंजनले म्हटलं, काऊन व, रुसली काय? तं म्हणे मॅडम रागावतेत."

मॅडमनी कात्री खाली ठेवली आणि समजावून सांगितलं. सगळ्यांनी तुमचीच गोष्ट आपल्या आजीची म्हणून लिहिली, त्याला नक्कल म्हणतात.

आनंदाबाईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे माह्या घरची चौकट त्याइनं आपापल्या घराले लावली. हे तं चुकलंच. पण त्यात खोटं कुठी हाय जी?"

"खोटं नाही, पण..."

"चाळीस वर्सं झाले मले इथं येऊन. कोनी नाई इचारलं, बाई, तू कुठची? माह्या मुकेशले सांगाले बसली तं तो म्हणे, आई, गेलं ते गेलं. ह्या लेकराइनं इचारलं, लिवून घेतलं, तं मले वाटलं, चला, गाव बुडालं पण कुठीतरी राह्यलं." त्यांचं लक्ष टेबलावरच्या कागदांकडे गेलं. "हे काय करून राह्यल्या?"

खळीची वाटी समोरच होती. मॅडम म्हणाल्या, "त्या पानांवर कागद चिकटवायचा आहे."

"झाकून टाकता काय?"

"साहेब येणार आहेत."

"हाव जी," आनंदाबाई म्हणाल्या. "तुमच्या कामाचं तुमाले मालूम." आणि भांडी घासायला गेल्या.

मॅडमनी झाकायची पहिली वही उघडली. त्याच वहीच्या उजव्या पानावर त्यांनी स्वतः सांगितलेलं वाक्य होतं: माहिती कुणाकडून मिळाली ते नोंदवावे. ते वाक्य पोरांनी सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं आणि त्यांनी त्यावर बरोबरची खूण केली होती.

गुरुवारी चौथ्या तासाला त्यांनी आनंदाबाईंना वर्गात बोलावलं आणि खुर्ची दिली. त्या खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या. पोरांनी एकेक वही वाचून दाखवायची आणि त्यांनी चूक सांगायची.

"लाल नाई रे बाप्पा, पांढराही नाई. बांडा होता बैल, अर्धा लाल, अर्धा पांढरा. अन् टॅक्टर?" त्या अंकितकडे वळल्या. "तुह्या आजोबानं आणला होता काय तवा?"

वर्ग खो-खो हसला. मग गुंजननं विचारलं, "बाई, ती चौकट कुठी हाय आता? पाह्याले येऊ?"

आनंदाबाई म्हणाल्या, "हे मी तुमाले सांगितलं नोतं. नव्या घराले बसलीच नाई. दार लहान काढलंतं. आंगनात पडून राह्यली. दुसऱ्या वर्सी सासूनंच तोडून चुलीत घातली. तीन दिवस सैपाक झाला तिच्यावर."

गुंजननं पेन उचललं आणि ते लिहून घेतलं. तिचं पाहून बाकीच्यांनी लिहिलं. सगळ्यांनी 'माझी आजी' खोडलं आणि खाली ओळ घातली: सांगणार, आनंदाबाई, शाळेत स्वयंपाक करतात. पुढं तारीख.

मॅडमनी खळीची वाटी प्रभाकररावांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "सर, मी कागद चिकटवले नाहीत. साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांगा."

प्रभाकररावांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमचंच सांगणार आहे," ते म्हणाले.

शुक्रवारी साहेब आले. त्यांनी दोन वह्या उघडल्या, उजव्या पानावर शिक्षकाची सही आहे का पाहिलं आणि वह्या मिटल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन चमचाभर खिचडी चाखली आणि शेरेबुकात लिहिलं: मीठ कमी.

गाडी गेल्यावर आनंदाबाईंनी विचारलं, "वाचलं काय जी साहेबानं?"

मॅडमना हो म्हणणं सोपं होतं. "नाही," त्या म्हणाल्या. "डावीकडे बघितलंच नाही."

"बरं." आनंदाबाईंनी खिचडीचा घासलेला गंज उपडा घातला. "झाकलं नाई ना पण?"

"नाही."

आनंदाबाई अजून त्याच शाळेत स्वयंपाक करतात. सकाळी साडेनऊला येतात, तांदूळ निवडतात, अडीचला घरी जातात. यंदाच्या आठवीनं त्यांना अजून काही विचारलेलं नाही. स्थानिक इतिहास दिवाळीनंतर आहे.