पाटी ज्याची त्यानंच काढायची

भोयर काकाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी झोपलेली होते. सकाळचे साडेआठ वाजून गेले होते, रायपूरला कॉलेजला नेणारी माझी बस कुम्हारीच्या गर्दीत अडकली होती आणि मी खिडकीच्या दांड्याला डोकं टेकवून गाढ झोपले होते. जाग आली तेव्हा मोबाइलवर घरचे चार मिस्ड कॉल होते. परत लावला तर आई म्हणाली, "कुठं होती वं तू? काकाजी गेले न आपले... सकाळी चहा घेता घेताच गेले." मी पुढच्या थांब्यावर उतरले, रस्ता ओलांडला आणि उलट दिशेची बस पकडली. त्या बसमध्ये मला रडू आलं नाही, राग आला. लेकरांना पुरेशी झोप मिळावी म्हणून ज्या माणसानं शेवटची तीन वर्षं शाळांच्या पायऱ्या चढण्यात घालवली, त्यांचे कागद लिहून देणारी मी स्वतः रोज बसमध्ये झोप पुरी करत होते. आणि ते गेल्याचा फोनसुद्धा त्याच झोपेत चुकवला.

याला आता सहा आठवडे होतात. माझं शिक्षण हिंदी माध्यमातलं, मराठी घरात बोलते तेवढीच. पण आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहायचं काही निघालं की ते माझ्याकडे येतं. रेशनचा फॉर्म, बँकेचा अर्ज... आणि आता काकाजींवरचं हे. काकाजींच्या बायको, आमच्या काकू म्हणाल्या, "तुलेच माहीत आहे सगळं, तूच लिही." सगळं मला माहीत आहे, हेच खरं तर अवघड आहे.

काकाजी इथल्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. निवृत्त झाल्यावर प्लांटच्या टाउनशिपमधलं, सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागलं आणि ते रुआबांध्याला आमच्या शेजारी राहायला आले. सामानात एक लाकडी पाटी होती, वीतभर रुंद, वर सुतळीचा फास. पाटीवर लाल रंगानं त्यांच्याच हातचं लिहिलेलं: 'नाईट ड्युटी. घंटी न बजाएं.' टाउनशिपमध्ये अशी पाटी कोणाच्या दारावर लटकलेली दिसली की पोरं क्रिकेट उचलून पलीकडच्या गल्लीत न्यायची, दूधवाला घंटी न वाजवता भांडं खिडकीत ठेवायचा, शेजारीण धुणं बडवायचं थांबवायची. नाईट करून आलेल्या माणसाची झोप अख्खी गल्ली राखायची. कोणी कोणाला सांगत नसे. काकाजींचा त्यात एक नियम होता. पाटी कोणीही लावावी, पण काढायची झोपलेल्यानंच. स्वतः उठून, आपल्या हातानं. दुसऱ्यानं काढली तर ती झोप मोडली, असं ते धरायचे.

माझे बाबा ठेक्यावर काम करतात, त्यांनाही महिन्यातून दोन आठवडे नाईट असते. आमच्या दाराला कधी पाटी नव्हती. बाबा डोक्यावर टॉवेल घेऊन झोपायचे आणि आम्ही घरभर आवाज करायचो. काकाजींनी आठवडाभर ते पाहिलं आणि एक दिवस स्वतःची पाटी आणून आमच्या खिळ्याला अडकवली. "मले आता नाईट नाही. तुमाले कामाची आहे." बाबा लाजले. पण त्या दिवशी दुपारी एकपर्यंत झोपले.

माझी धाकटी बहीण पिंकी तेव्हा पाचवीत होती. तिची शाळेची व्हॅन पावणेसहाला येते, कारण शाळेत पाऊण तास आधी 'झिरो पीरियड' असतो, म्हणजे रोजच्या तासांच्या आधीचा जास्तीचा तास. त्यात गणित घेतात. एका सकाळी पिंकी दारातल्या पायरीवर दप्तर पाठीला तसंच ठेवून भिंतीला टेकून झोपली होती. काकाजी कडुनिंबाच्या काडीनं दातून करत बाहेर आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"कावं पोरी, तुही कोणती शिफ्ट?"

पिंकीनं एक डोळा उघडला. "काकाजी, मी पाचवीत आहे."

"पाचवीले शिफ्ट नसते का? काल ट्यूशनहून कवा आली?"

"आठ वाजता. मंग होमवर्क केला."

"म्हणजे डबल ड्युटी. अन् घरी ओव्हरटाइम." ते आईकडे वळले. "वहिनी, हिच्या बापाले झोपायले पाटी आहे. हिले काहून नाही?"

आई हसली. मीही हसले. तेव्हा आम्हाला तो विनोदच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून पिंकीच्या शाळेत गेले. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण ती एकच शाळा तशी आहे असं नाही. मुलांशी झोपेबद्दल बोलायची कल्पना प्रिन्सिपल सरांना आवडली. प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटं बोलायला मिळाली. मी सोबत होते, कारण पोस्टर मी लिहिली होती. काकाजींनी माईक हातात घेऊन हिंदीत विचारलं, वर्गात झोप कोणाला येते, हात वर करा. सगळी शाळा चिडीचूप. मग त्यांनी स्वतःचा हात वर केला. म्हणाले, मी एकदा नाईट करून स्कूटरवर घरी येताना झोपलो होतो. डोळे उघडले तेव्हा स्कूटर नालीत होती आणि मी तिच्या खाली. हा पाय तेव्हापासून असा आहे... आणि ते माईक सोडून पाच पावलं लंगडत चालून दाखवून परत आले. पोरं हसली. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला, मग दहा, मग मोजता येईनात इतके. एका मॅडमचाही आला, अर्धवट, खांद्यापर्यंत. त्या दिवशी घरी येताना काकाजी इतके खूश होते की त्यांनी रस्त्यात मला दोनदा विचारलं, "मॅडमचा हात पाहिला न तू?"

ते काही फार मोठं सांगत नव्हते. रात्री नऊला घरातला टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, जेवण लवकर, झोपायची वेळ रोज एकच. मोहल्ल्यातल्या मंदिराच्या ओट्यावर ते संध्याकाळी आया-बापांना हेच सांगायचे. "नाईटवाल्याची झोप तुमी राखता. आपल्या लेकराची काहून नाही राखत?" बायका मान हलवायच्या. मग कोणीतरी म्हणायचं, "पण काकाजी, बाकीचे पोरं पुढं निघून जातील न." काकाजी म्हणायचे, "झोपेत चालून किती पुढं जातील?"

मग शाळेनं 'निद्रा सप्ताह' ठरवला. काकाजींनी मुलांना एक साधा कागद दिला होता, प्लांटमधल्या शिफ्टच्या नोंदवहीसारखा: झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, खरं लिहा. शाळेनं त्या कागदाला गुण लावले. झालं... प्रत्येक मुलानं रोज रात्री नऊ ते सकाळी सहा असं लिहून टाकलं. व्हॅन पावणेसहाला येते तरी सहा! शिवाय स्पर्धा ठेवली, 'अच्छी नींद' या विषयावर मॉडेल करून आणा, उद्याच्या उद्या. पिंकीला थर्माकोलचा पलंग करायचा होता. रात्री पावणेबारापर्यंत ती, मी आणि आई फेव्हिकॉल लावत बसलो. मी. पोस्टर लिहिणारी मी. उशीला फुलं काढायची राहिली म्हणून पिंकी रडली तर मीच तिला म्हटलं, "रडू नको, होते आत्ता." सकाळी ती पलंग मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि पलंगावरच डोकं ठेवून झोपली. तो मोडला. काकाजी दातून तोंडात तसंच ठेवून ते बघत राहिले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तू बी?"

मोडका पलंग नेऊनही पिंकीचा दुसरा नंबर आला. त्याचं प्रमाणपत्र आमच्या भिंतीवर आहे. मला ते फाडावंसं वाटतं, पण पिंकीला ते आवडतं.

त्यानंतर काकाजींनी भाषणं सोडली. म्हणाले, "पोरायले सांगून काय फायदा? गाडी पोरं थोडी चालवून रायले." त्यांनी एकच गोष्ट धरली: झिरो पीरियड बंद करा, शाळा पाऊण तास उशिरा भरवा. त्यासाठी पालकांच्या सह्यांचा अर्ज. हिंदीत मी लिहिला, त्यांनी तीनदा वाचून घेतला आणि 'निवेदन' शब्दाआधी 'विनम्र' घालायला लावलं. मग आम्ही दर रविवारी दारोदार गेलो. चहा सगळीकडे मिळाला. सही मात्र... "साहेब घरी नाहीत." "बघतो, ठेवून जा." एक बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, पण आमचं नाव पहिलं नको." दुसऱ्या घरी गेलो तेव्हा पहिलं नाव झालं होतं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, आमचं शेवटचं नको. पहिलं पान अर्धं भरायला दोन महिने लागले.

आणि त्या अर्ध्या पानावर माझ्या बाबांची सही नव्हती.

मी एकदा विचारलं होतं. बाबा जेवत होते. ते म्हणाले, "मास्तर लोक नाव पायतात. उद्या पिंकीले मागं बसवतील. आपण ठेक्याचे मानसं, आपल्याले कोन विचारते?" मला बोलता आलं असतं. कॉलेजात वादविवादाच्या स्पर्धेत मी बोलते. घरात ताटासमोर बसलेल्या बाबांशी मला बोलता आलं नाही. काकाजी दर आठवड्याला विचारायचे, "बाबा काय म्हणतात?" मी म्हणायची, "विचारते." जायच्या दोन दिवस आधीसुद्धा त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं. मी बसच्या घाईत होते. "विचारते, काकाजी." त्यांना माहीत होतं. ज्याच्या दाराला त्यांनी स्वतःची पाटी लावली, त्याचीच सही नाही, हे त्यांना नक्की माहीत होतं. तरी त्यांनी बाबांना एका शब्दानं विचारलं नाही. नाईट करून आलेल्या माणसाला त्रास कशाला, म्हणून.

काकाजींना श्रद्धांजली वाहायला शाळेनं सभा ठेवली. झिरो पीरियडमध्ये. थंडीत, अंधुक उजेडात मुलं रांगेत उभी, जांभया देत, एकमेकांच्या पाठीवर डोकं टेकवत. प्रिन्सिपल सर म्हणाले, "भोयर जी हमारे बच्चों की नींद के सच्चे पहरेदार थे." मग मला बोलायला बोलावलं. अर्ज माझ्या पिशवीत होता. मी तो काढीन, सगळ्यांसमोर वाचीन, असं घरून ठरवून गेले होते... मी काकाजी किती चांगले होते ते सांगितलं, धन्यवाद म्हटलं आणि खाली उतरले. टाळ्या वाजल्या. दुसरीच्या रांगेत एक मुलगी उभ्या उभ्या झोपली होती, ती टाळ्यांनी दचकून जागी झाली. मला अजून तिचा चेहरा दिसतो. त्या दिवशी कोणाचा सगळ्यात जास्त राग आला, सरांचा की माझा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेरवीनंतर मी आमच्या घरातली पाटी परत द्यायला काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, "ठेव. घरात एक झोपणारी आहे न तुमच्या." तेव्हापासून रात्री नऊला मी ती दाराला लावते. 'नाईट ड्युटी'वर कागद चिकटवून पिंकीचं नाव लिहिलं आहे.

मागच्या मंगळवारी आम्हाला जाग उशिरा आली आणि पाटी दारावरच राहिली. बाबा नाईट करून, सायकल हातात धरून दारात पोचले आणि तेवढ्यात व्हॅन आली. व्हॅनवाल्यानं हॉर्न दाबला. बाबांची नजर पाटीवर गेली आणि ते सायकल सोडून, हात वर करून त्याच्याकडे धावले. "अरे हॉर्न मत मारो भाई, बच्ची सो रही है!"

व्हॅनवाला हसला. "सो रही है तो स्कूल कौन जाएगा, आप?"

बाबा तिथंच उभे राहिले. आईनं पिंकीला एका बुटात बाहेर काढलं, दुसरा व्हॅनमध्ये दिला. व्हॅन गेली. बाबा आत आले, टिफिन ठेवला, तोंडही धुतलं नाही. मला म्हणाले, "काकाजीचा तो कागद आहे का तुह्याजवळ?"

ते सही सावकाश करतात, एकेक अक्षर वेगळं. ती कोरडी होईपर्यंत ते कागद धरून बसले आणि मग झोपायला गेले. मी त्यांच्यासाठी पाटी दारावर तशीच ठेवली. एकच्या सुमारास त्यांनी उठून ती आपल्या हातानं काढली.

येत्या रविवारी मी तो अर्ज घेऊन पुढच्या गल्लीत जाणार आहे. काय होईल माहीत नाही. फार काही होईल असं वाटतही नाही. झिरो पीरियड चालू आहे. पहाटे सव्वापाचला मी अंधारात दाराशी जाते, खिळ्यावरून पाटी काढते आणि मग पिंकीला हलवते. काकाजींचा नियम मी रोज मोडते. रविवार सोडला, तर पिंकीला ती पाटी स्वतःच्या हातानं काढायला अजून एकदाही मिळालेली नाही.