हळदीच्या अंगाने प्रयोगशाळेत

माझ्या हळदीच्या दिवशी मी ट्रामने ऑफिसला गेले होते... आणि तेही होणाऱ्या सासूबाईंना बरोबर घेऊन! नातवंडं म्हणतात, आजी, हे फेसबुकवर टाकच. म्हणून टाकते.

गोष्ट पन्नासच्या दशकातल्या कलकत्त्याची. आम्ही बागबाजारला राहायचो आणि मी पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. नवरामुलगा कलकत्त्यातच, गार्डन रीचला रेल्वेत, पण माणसं पुण्याची... लग्नानंतर मी नोकरी सोडायची हे बोलणीतच ठरलेलं. मी मान डोलावली खरी, पण आतून फार रडू येत होतं.

वऱ्हाड आलं ते कलकत्त्याच्या पाण्याची धास्ती घेऊनच. इथे कॉलरा होतो, असं सासूबाईंना पुण्यात कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी फर्मान काढलं, आपण फक्त बाटलीतलं पाणी वापरायचं! जानवसघरी गोटीसोड्याचे क्रेटच्या क्रेट येऊन पडले.

बरं, नुसतं प्यायला नाही हं... चहा सोड्याचा, वरण सोड्यात शिजलेलं, आणि बाळकृष्णाची आंघोळसुद्धा सोड्याने! देव ताम्हनात फसफसत होते आणि भटजी आचमन करून ढेकर देत होते. मला हसू आवरेना.

पण बाटलीला गोटी लागली म्हणजे आतलं पाणी चांगलं, हे काही पटेना. त्यातली एक बाटली मी गुपचूप प्रयोगशाळेत नेली आणि जोडीला आमच्या घरचं उकळलेलं नळाचं पाणीही तपासायला लावलं. निकालाला दोन दिवस लागतात... निकालाचा दिवस नेमका हळदीचा निघाला.

सासूबाई उष्टी हळद घेऊन आल्या, मला हळद लागली. आता उंबरठा ओलांडायचा नाही, अशी आपली रीत. पण मला चैन पडेना... दुसऱ्या दिवशी अख्खी पंगत तोच सोडा पिणार होती! शेवटी धीर करून सगळं सासूबाईंनाच सांगून टाकलं.

त्या पदर खोचून उठल्या. "चल, मी येते. मी बरोबर असताना कोण काय बोलतंय, बघतेच!"

ट्राममध्ये सगळे माझ्या पिवळ्या तोंडाकडे बघत होते. कंडक्टर मात्र खूश, लग्नाआधीची हळद बंगाल्यांतही असते ना... "गाये होलुद? बोसुन दीदी, बोसुन," म्हणत त्याने आम्हाला बसायला जागा करून दिली.

प्रयोगशाळेत मी काचेच्या नळ्या उजेडात धरल्या. पाण्यात मैल्यातले जंतू असले की ते वायू सोडतात आणि नळीतल्या चिमुकल्या उपड्या नळीत बुडबुडा जमतो. घरच्या पाण्याच्या नळ्या स्वच्छ होत्या. सोड्याच्या नळ्यांत हे एवढाले बुडबुडे!

"अगं, सोडाच तो. बुडबुडे येणारच की," सासूबाई म्हणाल्या. मी थक्क झाले... इतकी नेमकी शंका! मग समजावून सांगितलं, की सोड्यातला वायू मी ढवळून ढवळून आधीच घालवला होता. नळ्या भरल्या तेव्हा आत एकही बुडबुडा नव्हता, हे सगळे नंतरचे, जंतूंनी केलेले.

"अगंबाई! म्हणजे देवांना मी यात घातलं?" त्यांचा चेहरा असा काही झाला की मला हसू फुटलं. आणि मग त्याही हसायला लागल्या... डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कुणाचं पोट बिघडलं नव्हतं हे नशीबच!

घरी परतल्याबरोबर सगळे क्रेट बाहेर गेले. अंगणात चुली मांडल्या, पातेलीच्या पातेली पाणी उकळायला लागलं. सासूबाई स्वतः उभ्या राहून बघत होत्या.

लग्नाच्या पंगतीत चुलतसासऱ्यांनी विचारलं, "काय हो वहिनी, सूनबाई नोकरी कधी सोडणार?" मी पानातला भात उगाच कालवत बसले.

सासूबाई तूप वाढत होत्या. हात न थांबवता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ती नाही सोडणार. उद्या तिने नोकरी सोडली, तर आपण काय पितोय हे आपल्याला सांगणार कोण?"

रिटायर होईपर्यंत नोकरी केली मी... सासूबाई, तुमच्यामुळे हो.