गालावरची तीट

चित्र दापोड्याच्या गोदामात खोक्यात भरायचं ठरलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं चित्र, ती चार वर्षांची असतानाचं. काढणारे आमच्या टेमघरच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर. पुढे लढाया नि दरबार रंगवून त्यांनी मोठं नाव कमावलं. आता त्यांच्या सुरुवातीच्या कामांचं प्रदर्शन भरतंय, म्हणून चित्र दोन महिन्यांसाठी मागितलं. मी हो म्हटलं आणि मागोमाग गोदामात जाऊन उभी राहिले. माझा कुणावर भरवसा नाही, आधीच सांगते.

बरं झालं गेले. हातमोजे घातलेली एक पोरगी ओला बोळा चित्रातल्या गालाला टेकवणार, तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं. ती घाबरलीच. म्हणाली, मावशी, हा रंग नाही, काजळाचा डाग आहे, लगेच निघेल, ज्यांनी चित्र काढलं त्या सरांनीच साफ करायला सांगितलंय.

डाग म्हणे! अगं बाई, ती तीट आहे. माझ्या आईने लावलेली.

चित्र पुरं झालं आणि महिन्याभरात बहीण तापाने गेली. आईने एकच धरून ठेवलं. चित्रासाठी बसवलं तेव्हा पोरीच्या गालावर तीट नव्हती, म्हणून नजर लागली. "मीच लावाला इसरले," म्हणत कपाळ बडवून घ्यायची. चित्राला हार काही घालू दिला नाही. उलट दर अवसेला बोटावर काजळ घेऊन त्या गालाला तीट लावायची. शेजारपाजारचे म्हणायचे, हिचं डोकं फिरलंय. ती स्वतः जाईपर्यंत लावत राहिली.

पोरीने सरांना फोन लावून माझ्या हातात दिला. सर नरमाईने समजावत होते. मूळ चित्रात ते नव्हतं, म्हणाले, तुमच्या आई त्या दिवशी लावायलाच विसरल्या होत्या.

 मग मी बोलले.

"विसरली नव्हती, सर. गाल स्वच्छ हवा असं तुम्ही म्हणालात, आणि मी तिची तीट फ्रॉकने पुसली. सात वर्षांची होते मी."

 सर म्हणाले, तिला फोन द्या. पोरीने ऐकून घेतलं आणि बोळा डब्यात टाकला.

तीट राहिली. पण आई शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत होती, आणि मी शेजारी बसून ऐकत होते.