जाऊबाई गप्प झाल्या तेव्हा

लसींच्या फ्रिजचा प्लग काढून त्या जागी मी माझा लॅपटॉप चार्जिंगला लावला. 'प्लग काढू नये' अशी पाटी तिथे होती, पण तिच्यावर मी माझीच पिशवी अडकवली होती, त्यामुळे ती मला दिसली नाही. लॅपटॉपवर काय लिहीत होतो तेही सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटून संपेल. मी 'ग्रामीण आरोग्य यंत्रणेचे बळकटीकरण' या विषयावर अहवाल लिहीत होतो.

तो फ्रिज नरखेड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातला, आणि त्याची राखण माझ्या आकडसासूकडे, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीकडे. ती तिथली आरोग्यसेविका. आसपासची सगळी गावं तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. जे घडलं ते लक्षात ठेवणारी माणसं पुष्कळ असतात. जे घडलं नाही ते लक्षात ठेवणारं माणूस मी जगात एकच पाहिलं, आणि ते म्हणजे ताई. रस्त्याने चालता चालता ती मध्येच थांबते, शाळेतून सुटलेल्या पोरांकडे स्वप्नात असल्यासारखी पाहत राहते आणि स्वतःशीच म्हणते, "याले गोवर नाई झाला. तिले धनुर्वात नाई झाला." आमच्या नात्यातल्या एका लग्नात नवरदेव अंतरपाटाआड उभा, भटजींचा आवाज टिपेला, आणि ही माझ्या कानाशी लागून सांगते, "डाव्या मांडीत टोचलं होतं याले. लय लाथा झाडल्या होत्या." उरलेली मंगलाष्टकं मी नवरदेवाच्या मांडीकडे बघत ऐकली. मुलीकडच्यांचा काहीतरी गैरसमज झाला असावा.

नागपुरात बैठक असली की संध्याकाळी ती आमच्या प्रताप नगरच्या घरी येते. चप्पल काढायच्या आधी आमच्या फ्रिजवर तळहात ठेवते, डोळे मिटते आणि म्हणते, "अकरा. दूध नाई टिकत." मग बायको पाणी देईपर्यंत तिने आमची भाजी खाली उतरवून जुनी पुढे, नवी मागे अशी लावलेली असते. एकदा कोथिंबिरीच्या जुडीवर तारखेची चिठ्ठी चिकटवून गेली. अशाच एका संध्याकाळी तिने मला विचारलं होतं, "भाऊजी, मीटिंगमधी सारे बळकटीकरण, बळकटीकरण करून राहिले. तुमी तर त्याच्यावरच लिहिता. म्हणजे काय करायचं आमी?" मी कागद घेतला, चौकोन काढले, चौकोनांतून बाण काढले, अर्धा तास बोललो. ती खिडकीतून बाहेर गुलमोहराकडे पाहत होती. शेवटी उसासा टाकून म्हणाली, "म्हणजे खिडकीची काच बसन. बरं होईन. दुपारचं ऊन थेट जाऊबाईवर येते."

जाऊबाई म्हणजे तो फ्रिज. वरून झाकण उघडायची ती पांढरी बुटकी पेटी कोपऱ्यात दिवसभर कुरकुर करते, पण सारं घर तिच्याच जिवावर चालतं, म्हणून जाऊबाई. सकाळी आली की ताई तिची विचारपूस करते, संध्याकाळी निरोप घेते. मला तो वेडेपणा वाटायचा. बायको मात्र म्हणाली, "ज्याच्यावर लिहिता ते एकदा तरी डोळ्यांनी बघून या." म्हणून मी फेब्रुवारीतल्या एका सकाळी एसटी धरली.

ताई लसींचा डबा खांद्याला लावून गावात निघालेली, डॉक्टर रुग्णांच्या गर्दीत. मला फ्रिजच्या खोलीत टेबल मिळालं. एका बाजूच्या बागेत मृग बहाराची संत्री उतरत होती, दुसऱ्या बाजूला संत्र्याचाच आंब्या बहार फुलला होता, आणि फुटक्या काचेतून तो वास असा आत येत होता की माणसाने अहवाल लिहिणं हाच गुन्हा वाटावा. मी प्लग काढला, लॅपटॉप लावला, 'शीतसाखळी हा लसीकरणाचा कणा आहे' असं वाक्य लिहिलं आणि त्यावर डोकं ठेवून झोपलो. बऱ्याच दिवसांत इतकी शांत झोप लागली नव्हती. खोलीत आवाजच नव्हता.

चार वाजता ताई परतली. उंबरठ्यातच थबकली.

"भाऊजी, जाऊबाई गप काहून हाये?"

"झोपल्या असतील," मी म्हणालो. ती हसली नाही. तिने माझी पिशवी उचलली, पाटी बघितली, प्लग बघितला. मी घाबरून झाकण उघडायला धावलो, तर तिने माझं मनगटच धरलं. "हात नका लावू. जेवढा गारवा वाचला, तो झाकणाखालीच हाये." प्लग लावून तिने बाहेरच्या छोट्या पडद्यावरचा आकडा वाचला. "सात." आठ अंशांच्या वर गेलं की लस संशयात, एवढं माझ्या अहवालातही होतं.

मग ती स्टूल ओढून फ्रिजशेजारी बसली आणि शांतपणे सांगू लागली. संत्री तोडायला राज्याच्या सीमेपलीकडून आलेल्या मजुरांची पालं बागेच्या टोकाला होती. त्यांतल्या एका पोरीचं लेकरू नऊ महिन्यांचं, गोवराची लस बाकी. मागच्या खेपेला ती मैलभर चालत आली, तर लसच पोचली नव्हती. नवरा तेव्हापासून नाही म्हणत होता. ताई त्याच्याकडे चारदा जाऊन आली, तेव्हा उद्याचं ठरलं. परवा त्यांचा ट्रक निघणार. "एकदा रिकामी गेलेली माय दुसऱ्यांदा येत नाई, भाऊजी. हिले मी शब्द देल्ला हाये. उद्या बी लस नसली तं तिसऱ्यांदा कोण्या तोंडानं बोलावू?"

डॉक्टरांना तिने स्वतःच जाऊन सगळं सांगितलं. तापमानाच्या वहीत लिहिताना मी हळूच सुचवलं, "लाईन गेली होती, असं लिहिलं तर?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि अक्षर जरा जास्तच ठळक करून लिहिलं, 'प्लग काढला गेला. कारण : जावई.' आकडा पाचावर आल्यावर ताई आणि डॉक्टर दोघांनी एकेक कुपी हातात घेऊन बघितली. कुपीवर एक गोल असतो आणि गोलात फिका चौकोन. उष्णता लागली की तो काळवंडत जातो. गोलाइतका काळा झाला की कुपी फेकायची. चौकोन सगळे फिके होते. तरी डॉक्टर म्हणाले, "उद्या टोचण्याआधी पुन्हा एकदा नीट बघा."

दुसऱ्या दिवशी पालांजवळच्या कडुनिंबाखाली ती पोर लेकराला घेऊन आली. मागे नवरा, हाताची घडी घालून. ताईने डबा उघडला आणि कुपी डोळ्यांसमोर धरली. ती इतका वेळ बघत राहिली की मला माझ्या आयुष्यातले सगळे प्लग आठवले. मग ती म्हणाली, "फिका हाये. धर वं लेकराले, उजवा दंड मोकळा कर." नवऱ्याने हाताची घडी सोडली.

ती कुपीतल्या लसीच्या भुकटीत पाणी मिसळू लागली आणि मला भरून आलं. हे लेकरू उद्या ट्रकमधून कुठल्या कुठे जाईल, धुळीत खेळेल, मोठं होईल, आणि त्याला काय झालं नाही हे त्याला कधीच कळणार नाही. ते ओझं कुणीतरी एकटीच वाहत राहील, या वाटांवरून. संत्र्याच्या फुलांचा वास होता, ऊन कोवळं होतं, आणि मी हे सगळं मनात मांडत तसाच उभा होतो, कुठे याचं मला भान नव्हतं. सिरिंज उचलून तिच्यावरची मापाची रेघ बघायला तिने डोळे बारीक केले.

"भाऊजी," ती वर न बघता म्हणाली, "बाजूले सरा. तुमच्यानं उजेड अडून राहिला."